भौतिकशास्त्राच्या शिक्षकाचा गौरव : कोणी करावा आणि कशासाठी?



शिक्षकांचा सत्कार ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. शिक्षकांना राष्ट्रीय पुरस्कार देण्याची प्रथा १९५८ साली सुरू झाली आणि १९६२ पासून ५ सप्टेंबर हा शिक्षक दिन म्हणून पाळला जातो. शाल, श्रीफळ आणि हार यांनी त्या दिवशी शिक्षकाचा मान राखला जातो. हा झाला शासनाने व समाजाने केलेला गौरव.

दुसरा गौरव विद्यार्थ्याने केलेला. प्रा. अब्दुस सलाम यांना १९७९ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लाहोरला असताना अनिलेंद्र गांगुली यांनी त्यांना गणित शिकवले होते. फाळणीनंतर गांगुली सर कलकत्त्यास स्थायिक झाले. सलाम यांनी त्यांचा शोध घेतला, १९८१ साली कलकत्त्यास जाऊन त्यांची भेट घेतली आणि आपल्या यशाचे श्रेय त्यांना दिले. गुरूला याहून मोठी दक्षिणा कोणती?

परंतु गौरवाचा तिसराही एक प्रकार आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. तो म्हणजे शिक्षकांनीच, आपल्या परिषदेत, आपल्यातील उत्तम शिकवणाऱ्याचा केलेला गौरव. त्याचा इतिहास आपण जाणून घेऊ या.

अमेरिकेत १९३० च्या अखेरीस भौतिकशास्त्र शिक्षकांची एक संघटना स्थापन झाली. तेथील भौतिकशास्त्रज्ञांची जुनी संस्था संशोधनात गर्क होती. वर्गात काय आणि कसे शिकवावे, या प्रश्नाला तिच्या सभांत फारसे स्थान नव्हते. म्हणून शिक्षकांनी आपले वेगळे व्यासपीठ उभारले. अध्यापनातील थोर कामगिरीसाठी या संघटनेने १९३६ पासून एक पदक देण्यास प्रारंभ केला. पहिले पदक विल्यम फ्रँकलिन या अध्यापकास मरणोत्तर देण्यात आले. या पदकाला नाव दिले ते ओर्स्टेड यांचे. हेच नाव का, हे समजून घेण्यासारखे आहे.

हॅन्स ख्रिश्चन ओर्स्टेड हे डेन्मार्कमधील कोपनहेगनचे प्राध्यापक. एप्रिल १८२० मध्ये विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान देत असताना त्यांनी बॅटरीचा प्रवाह तारेतून सोडला आणि जवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई किंचित हलली. ती इतकी थोडी हलली की, समोरच्या श्रोत्यांना त्याचे विशेष काही वाटले नाही. ओर्स्टेड यांनी मात्र ती गोष्ट सोडली नाही. पुढे त्यांनी पुन्हा पुन्हा प्रयोग केले आणि २१ जुलै १८२० रोजी अवघ्या चार पानांचा लॅटिन निबंध प्रसिद्ध केला. वीज आणि चुंबकत्व यांचे नाते जगाला कळले ते या चार पानांतून. त्याच वर्षी फ्रान्समध्ये अँपियर यांनी आणि पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये फॅरडे यांनी तो धागा पुढे नेला.

आज चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत फिरणारी प्रत्येक विजेची मोटार त्याच तत्त्वावर चालते. आपल्यापैकी कित्येक पालक रोज त्या यंत्रांशेजारी उभे राहतात. वर्गातल्या एका प्रात्यक्षिकाने कारखान्यांचे जग बदलले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. शिक्षकांच्या पदकाला ओर्स्टेड यांचे नाव शोभते ते यामुळेच.

आता हे पदक कोणाकोणाला मिळाले ते पाहा. जर्मनीचे आर्नोल्ड झोमरफेल्ड यांना नोबेल कधीच मिळाले नाही. पण त्यांच्या हाताखाली शिकलेले हायझेनबर्ग, पाउली, डिबाय आणि बेथे हे चौघे नोबेलचे मानकरी झाले. शिक्षकांच्या या पदकाने झोमरफेल्ड यांचा गौरव केला आणि १९९३ साली त्यांचे शिष्य बेथे यांनाही तोच मान मिळाला. १९७२ साली ते रिचर्ड फाइनमन यांना मिळाले. त्यांच्यापाशी नोबेल आधीच होते, तरी शिक्षकांनी त्यांना गौरविले ते शिकवण्यासाठी.

१९८४ चे मानकरी फ्रँक ओपेनहायमर यांची कथा विद्यार्थी मित्रांनी लक्षात ठेवावी. राजकीय संशयामुळे १९४९ साली त्यांना विद्यापीठाची नोकरी सोडावी लागली. काही वर्षे त्यांनी गुरे पाळली. मग १९५७ पासून कोलोरॅडोतील एका लहानशा गावच्या शाळेत ते विज्ञान शिकवू लागले. प्रयोगाचे साहित्य हवे म्हणून ते मुलांना गावच्या उकिरड्यावर नेत आणि टाकून दिलेल्या मोटारींचे भाग काढून त्यांवर यंत्रशास्त्र, उष्णता व वीज शिकवीत. पुढे १९६९ साली त्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे हात लावून पाहण्याचे विज्ञान संग्रहालय उभारले. भंगारातून भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला परिषदेने आपला सर्वोच्च मान दिला!

आपला देशही मागे राहिलेला नाही. भारतीय भौतिकशास्त्र शिक्षकांची संघटना डॉ. डी. पी. खंडेलवाल यांच्या पुढाकाराने १९८४ साली स्थापन झाली. तिच्या वार्षिक अधिवेशनांत नव्या प्रयोगांची स्पर्धा भरते. म्हणजे शिक्षक केवळ भाषणे ऐकत नाहीत, स्वतः तयार केलेला प्रयोग सहकाऱ्यांपुढे मांडतात. महाराष्ट्रात मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून कार्य करीत आहे. त्याचे संचालक राहिलेले प्रा. अरविंद कुमार यांना २०१० साली पद्मश्री मिळाली आणि २०१५ साली याच केंद्राने आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडचे यजमानपद भूषविले.

हे सर्व आपणास सांगण्याचे कारण काय? आपण शिक्षकाची किंमत बहुधा निकालाच्या टक्केवारीवर ठरवतो. टक्केवारीचे महत्त्व आम्ही शिक्षक नाकारीत नाही. परंतु ज्या मुलाने किंवा मुलीने प्रयोग कधी पाहिलाच नाही, तिला विज्ञान म्हणजे पाठांतर वाटते आणि दहावीनंतर ती त्या वाटेकडे फिरकत नाही. हे नुकसान गुणपत्रिकेत दिसत नाही. वर्गात काय घडते हे पाहण्याची दृष्टी दुसऱ्या शिक्षकाला असते, म्हणून शिक्षकांनी केलेल्या गौरवाचे मोल वेगळे.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. एक सेल, हातभर तांब्याची तार आणि एक होकायंत्र एवढ्यावर ओर्स्टेड यांचा प्रयोग कोणत्याही वर्गात होतो. आपल्या संस्थेने वर्षातून एक दिवस असा ठरवावा की, परिसरातील विज्ञान शिक्षक एकत्र येतील, प्रत्येकजण एक प्रयोग शिकवून दाखवील आणि ज्याचा पाठ सर्वांना उत्तम वाटेल त्याचा गौरव सर्वजण मिळून करतील. त्या दिवशी पालकांनीही मागच्या बाकावर बसावे.

आणि पालकहो, तोपर्यंत एवढे अवश्य करा. मूल शाळेतून घरी आले की, किती गुण मिळाले हे विचारण्याआधी आज कोणता प्रयोग पाहिलास, हे विचारा. रोज घरी हा प्रश्न विचारला जातो असे कळले की शिक्षकही प्रयोगाचे कपाट उघडल्यावाचून राहणार नाही.