पानशेतच्या भातखाचरांतील दिवाळी

पुण्याच्या नैऋत्येस असलेल्या पानशेत परिसरात दिवाळी आणि भाताची कापणी साधारण एकाच सुमारास येतात. सण तिथीने ठरतो, पीक मात्र पावसाच्या हिशेबाने पिकते. त्यामुळे दोघांची गाठ दरवर्षी सारखी पडत नाही. 2022 मध्ये लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होते. अधिक श्रावण आलेल्या 2023 मध्ये ते 12 नोव्हेंबरला गेले. शहरात हा फरक सुट्यांपुरता. अल्पभूधारकाच्या घरी मात्र नवे भात कणगीत पडले की अजून खाचरातच उभे आहे, हे त्यावर ठरते. सण लवकर आला, की फराळाच्या कढईला आणि कापणीच्या विळ्याला तीच माणसे पुरवावी लागतात. पुण्याहून सुटीला आलेला मुलगाही मग खाचरात उतरतो. त्यातच परतीचा पाऊस लांबला, तर कापून पसरलेले भात भिजण्याची धास्ती असते.

वसुबारसेला सवत्स धेनूचे पूजन होते. उपवास करणाऱ्या स्त्रिया त्या दिवशी गहू, मूग व दूधदुभते वर्ज्य करून बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातात. झोडणीनंतरचा पेंढा याच गोठ्यासाठी रचला जातो.

येथील जमीन तुटपुंजी होण्यामागे धरणेही आहेत. आंबी नदीवरील पानशेत आणि मोसे नदीवरील वरसगाव जलाशयांखाली नदीकाठची शेती गेली. डोंगरउताराची खाचरे उरली. पुणेकरांना पानशेत आठवते ते 12 जुलै 1961 च्या धरणफुटीमुळे. पुन्हा बांधलेल्या त्याच धरणाचे पाणी खडकवासल्यामार्गे शहरात येते. नरकचतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंगस्नानही त्यावरच होते.