समुद्रातले देऊळ

त्रिनिदादला सुटी घालवायला गेलेला प्रवासी मराकसच्या किनाऱ्यावर डुंबतो, ला ब्रेचे डांबराचे तळे पाहतो आणि परततो. आपण गेलात तर मात्र वाट वाकडी करून वॉटर्लू गावी जाच.

३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ जहाज कलकत्त्याहून सुमारे सव्वादोनशे मजूर घेऊन या बेटाला लागले. उसाच्या मळ्यांसाठी मग १९१७ पर्यंत माणसे येतच राहिली. मळ्यावर राबणाऱ्या अशाच लोकांपैकी एक सिवदास साधू. १९४७ साली त्यांनी मळेवाल्या कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधले. १९५२ मध्ये ते पाडले गेले, वर साधूंना तुरुंग घडला. बरे, जमीन कंपनीची. समुद्र तर कुणाच्या बापाचा नाही ना! सायकलवरून दगड-सिमेंट वाहून या एकट्या माणसाने वर्षानुवर्षे समुद्रात भराव घातला आणि त्यावर पुन्हा देऊळ उभारले. लाटांनी त्याची पडझड झाली. १९९५ साली, भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षे झाली तेव्हा, ते नव्याने बांधण्यात आले.

जवळच ८५ फुटी हनुमान आहे, लोक त्याचेच फोटो काढतात. काढोत बापडे! भरतीला देवळाभोवती पाणी असते, शोभाही असते. पण आपण ओहोटीला जा. तेव्हा खालचा चिखल उघडा पडतो. साधूंचे काम चाले ते त्याच चिखलात.