माफीच्या साक्षीदाराची वही

मुकुंदवाडीचे रेल्वे स्थानक लहानसे आहे. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या येथे न थांबताच पुढे जातात. एका बाजूला जालना रोडची अखंड वर्दळ, थोडे पुढे चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आणि विमानतळ, दुसरीकडे सिडकोची घरे. प्रेम आणि खून एकाच गोष्टीत गुंफणाऱ्या कादंबरीकाराला आणखी काय हवे? तिसऱ्या पाळीवरून सुटलेला तरुण, फलाटावर ठरलेली भेट, आणि भेटीला न आलेली ती. अशी एक कादंबरी मी काही दिवसांपासून लिहितो आहे, आणि तिसऱ्याच प्रकरणात अडलो आहे. नायिका नाहीशी झाली, फिर्याद द्यायला नायक ठाण्यात गेला. तेथे समोरचा माणूस त्याला पहिला प्रश्न कोणता विचारील? कल्पनेने उत्तर लिहिले तर ते सिनेमातले होते. खरे उत्तर मिळवायचे तर ते ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे जावे लागते. लेखक या जाणत्या माणसाच्या दारात केव्हापासून उभा आहे, याचा मागोवा घेऊ लागलो तर आपण बरेच मागे जातो.

आरंभ शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’पासून करू. तिसऱ्या अंकातला शर्विलक चोरी करायला निघतो, ती मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी. म्हणजे प्रेम आणि रहस्य येथेच एकत्र नांदत आहेत. पण या प्रवेशाची खरी मौज आहे ती त्याच्या कसबात. भिंतीत कोठे ओल मुरली आहे हे तो चाचपडून पाहतो. पक्क्या विटा उपसून काढायच्या, कच्च्या छेदायच्या, मातीच्या गोळ्यांवर पाणी शिंपडायचे, लाकूड चिरायचे, असे शास्त्र बोलून दाखवतो. भगदाडाचा आकारसुद्धा निवडतो. मापाची दोरी घरी विसरल्याचे लक्षात येताच जानव्याने माप घेतो. सातव्या शतकातल्या दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त अपहारवर्मा चोरीला निघतो तेव्हा त्याच्या सामानात मापाची दोरी, खोटे मुंडके, आणि दिवा विझवणाऱ्या किड्यांची डबीही असते. नुसत्या कल्पनेने ही डबी सुचत नाही. कोणी तरी कोणाला तरी ती सांगितली असणार. पण सांगणाऱ्याचे नाव दोन्ही ग्रंथांत कोठेही नाही. पुढे गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘मृच्छकटिक’ मराठी संगीत रंगभूमीवर आणले आणि शर्विलकाचे हे शास्त्र आपल्या आजोबा-पणजोबांनी नाट्यगृहात बसून ऐकले.

सांगणारा माणूस लख्ख उजेडात येतो तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्यातले एक टोक मुकुंदवाडीच्या याच शहरात, औरंगाबादेत आहे. १८२४ साली लिव्हरपूलचा एक मुलगा मुंबईत उतरला. वय सोळाच्या उंबरठ्यावर. नाव फिलिप मेडोज टेलर. ज्या व्यापाऱ्याच्या पेढीवर भवितव्य घडवायला त्याला धाडले होते, ती पेढीच डबघाईला आलेली निघाली. मग मुंबई सरकारातल्या एका नातलगाच्या वशिल्याने त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली, आणि तो रुजू झाला औरंगाबादच्या छावणीत. वशिला नसता तर टेलर बहुधा मुंबईत हिशेब लिहीत बसला असता, आणि आपला हा मागोवा भलत्याच वाटेने गेला असता. येथल्या बोली तो शिकला, पोलीस कामावर गेला, मुलखात हिंडला. पुढे ठगांचा बंदोबस्त सुरू झाल्यावर पकडलेल्यांच्या जबान्या ऐकण्याचे आणि लिहून घेण्याचे काम त्याच्याकडे आले. या बंदोबस्ताच्या कामावरच असलेल्या विल्यम स्लीमनने १८३६ मध्ये ठगांच्या सांकेतिक भाषेचा कोशच छापला होता. एका गुप्त धंद्याची परिभाषा अशी छापील रूपात हाताशी येणे, हे त्या काळच्या लेखकाला घबाड होते.

१८३९ मध्ये टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. अमीर अली नावाचा ठग आपली कथा एका साहेबाला सांगतो आहे, अशी तिची मांडणी. वाटेत प्रवाशांशी सलगी कशी करायची, शकुन कोणते पाहायचे, कबरी आधीच कशा खणून ठेवायच्या, रुमाल कसा धरायचा. आणि या सगळ्याच्या मधोमध अमीर अलीची प्रेमप्रकरणे! सातशे एकोणीस खुनांत आपला हात होता असे तो सांगतो, आणि मध्ये बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर आकडा हजारावर गेला असता, असा त्याला खेद आहे. या पुस्तकाचा दरारा आजही उणावलेला नाही. पण आपण जरा थांबून विचारू, की हे सगळे सांगितले कोणी आणि कशाच्या मोबदल्यात? सांगणारे होते माफीचे साक्षीदार. साथीदारांची नावे द्यायची आणि फाशी टाळायची, हा सौदा. पायात बेड्या असलेला माणूस ऐकणाऱ्याला जे ऐकायचे आहे ते जरा रंगवूनच सांगणार. ठगीचे जे चित्र जगभर पसरले त्यात खरे किती आणि साहेबाच्या प्रश्नांनी घडवलेले किती, हा वाद इतिहासकारांमध्ये म्हणूनच अजून मिटलेला नाही. कादंबरीच्या दृष्टीने मात्र टेलरने एक दार कायमचे उघडले: तपशील हवा तर जबानी घ्यावी.

टेलरचे दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते, आणि तेही मराठवाड्यातलेच. १८५३ मध्ये निजामाने जे मुलूख इंग्रजांच्या हवाली केले त्यांत नळदुर्ग होता. त्या जिल्ह्याचा कारभार टेलरकडे आला. तुळजापूर याच भागात. जमिनीची प्रतवारी, तलाव, रस्ते, जत्रा हे सारे त्याच्या रोजच्या कामाचे झाले. या मुक्कामातून ‘तारा’ ही कादंबरी आली, १८६३ मध्ये. काळ अफजलखानाच्या स्वारीचा. तारा ही तुळजापूरच्या शास्त्र्याची विधवा मुलगी, तिच्यावर जीव जडतो तो खानाच्या मुलाचा, आणि तिच्यावर डोळा ठेवून असलेला मोरो त्रिमल कट रचतो. देऊळ, घाट, मुरळ्या, मठ यांची वर्णने जिल्हा पायाखाली घातलेल्या माणसाची आहेत. येथे कोणाच्या पायात बेडी नव्हती. पण तंबूत बसलेल्या हाकिमाला रयत मन मोकळे करून किती सांगत असेल, हा प्रश्न उरतोच. एक गोष्ट मात्र त्याच्या घरातूनच आलेली दिसते. त्याची पत्नी मेरी ही हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची मुलगी, आणि पामरांची आई हिंदुस्थानी बेगम. दोन धर्मांमधल्या प्रेमाचा विषय टेलरला कागदपत्रांत शोधावा लागला नाही.

मराठी कादंबरी याच सुमारास पाय रोवत होती. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. पहिलीत विधवांच्या हालाचे तपशील हिंडून गोळा केल्यासारखे आहेत. दुसरीत अद्भुताचा पूर, तपशील बेताचाच. १८७१ मध्ये गुंजीकरांची ‘मोचनगड’ आली आणि शिवकाल मराठी कथेत उतरला. मग एक गमतीदार वळण येते. हरि नारायण आपट्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘म्हैसूरचा वाघ’ टेलरच्या ‘टिपू सुलतान’वर बेतलेली होती. म्हणजे दख्खनमध्ये गोळा केलेले, लंडनमध्ये छापलेले सामान पुण्यात परत आले. आपट्यांनी पुढे ‘उषःकाल’ लिहिताना मात्र सामान घरचे घेतले, आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिताना तर कोणत्याही दफ्तरात न मिळणारे. सोवळ्यातल्या, माजघरातल्या बायकांचे बोलणे त्यांनी जसे टिपले तसे कोणत्याही कलेक्टरला तंबूत बसून टिपता आले नसते.

विसाव्या शतकात रहस्यकथेची गिरणी सुरू झाली. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या लंडनी कारस्थानांना देशी पोशाख चढवला. हजारावर पुस्तके लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी झुंझार आणि काळापहाड घरोघरी पोचवले. त्या वेगाने लिहिताना पंचनाम्याला कोण थांबतो? सुहास शिरवळकरांच्या वकील अमर विश्वासपाशी येईतो कोर्टातली उलटतपासणी कथेचा कणा झाली, आणि त्याच हाताने १९८२ मध्ये ‘दुनियादारी’ लिहिली. वाचकही आता चुका काढू लागला होता.

आज तर तो काढतोच. माझ्या कादंबरीत खून ३० जून २०२४ च्या रात्री पावणेबाराला झाला तर जुन्या दंड संहितेचे कलम ३०२ लागते; अर्ध्या तासाने झाला तर भारतीय न्याय संहितेचे १०३. फौजदारी कायदे मध्यरात्री बदलले आणि एका घड्याळाच्या काट्यावर आख्खे प्रकरण उभे राहू शकते, हे मला कोणत्याही कल्पनेने दिले नसते. नव्या प्रक्रियेत सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जावे अशी तरतूद आहे, म्हणजे एकट्या फौजदाराने रुमालात पुरावा उचलण्याचे दृश्य बाद. प्रेत जाणार ते घाटीत. येथे कोणी ‘शासकीय वैद्यकीय महाविद्यालय’ म्हणत नाही. नायकाचे आईवडील १९८५ साली या शहरातल्या फलाटावर भेटले असतील तर समोरून गेलेली गाडी मीटरगेजवरची. आणि २०२३ मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे बदलल्यावरही म्हातारी पात्रे औरंगाबादच म्हणणार.

ठाण्यातल्या प्रश्नासाठी शेवटी मी एका निवृत्त हवालदारांना गाठले. ‘पहिला प्रश्न?’ ते हसले. ‘भांडण झालं होतं का, हाच. दुसरा, फोटो आणलाय का.’ मग दोन तास सांगत राहिले. बंदोबस्तातली जेवणे, मोबाईलचे सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, येईपर्यंत वाट पाहणे, रात्री दोन वाजता पंच मिळत नाहीत म्हणून चहाच्या टपरीवाल्याला उठवणे. वही भरली. निघताना मी विचारले, तुम्हाला माझ्याकडून काय हवे? त्यांनी चष्मा पुसला.

‘हवालदार पान खाणारा आणि येडा दाखवू नका, साहेब. तेवढं बघा.’