‘सेंट लुई ब्लूज’ : एका तबकडीची कथा

जॅझ हा शब्द कानी पडताच आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे हॉटेलांतील झगमगाट, नाचणारी जोडपी आणि कानठळ्या बसविणारे ड्रम उभे राहतात. ब्लूज हा शब्द तर त्याहूनही अपरिचित. या संगीताचा नाद मला गेली पंचवीस वर्षे आहे. तेवढ्या अनुभवावर एक सुचवावेसे वाटते. त्याविषयीचे ग्रंथ वाचण्यापूर्वी जिज्ञासूने एकच तबकडी लक्ष देऊन ऐकावी. ती म्हणजे १४ जानेवारी १९२५ रोजी न्यूयॉर्क येथे कोलंबिया कंपनीने मुद्रित केलेली ‘सेंट लुई ब्लूज’. अवधी सुमारे तीन मिनिटांचा आणि कलावंत तीनच. गाणारी बेसी स्मिथ, कॉर्नेट वाजविणारा लुई आर्मस्ट्राँग आणि हार्मोनियमवर फ्रेड लाँगशॉ. होय, हार्मोनियमच! संगीत नाटकांच्या आपल्या श्रोत्यांना परिचित असलेल्या पायपेटीच्या कुळातील ते वाद्य आहे.

प्रथम गाण्याविषयी. त्याचे कर्ते विल्यम क्रिस्टोफर हँडी यांचा जन्म १८७३ साली अलाबामा राज्यात झाला. वडील धर्मोपदेशक. मुलाने पैसे साठवून गिटार आणली, तेव्हा त्यांनी ती परत करावयास लावून तिच्या बदली शब्दकोश घ्यावयास लावला, अशी आठवण हँडी यांनी आत्मचरित्रात दिली आहे. शिक्षकाच्या पेशात असल्याने मला शब्दकोशाविषयी आदर आहे. तथापि या प्रसंगी विजय गिटारचाच झाला. सुमारे १९०३ साली मिसिसिपी राज्यातील टटवायलर स्थानकावर गाडीची वाट पाहत असता, फाटक्या कपड्यांतील एक कृष्णवर्णीय मनुष्य गिटारच्या तारांवर सुरी दाबून गात असलेला त्यांनी ऐकला. तो एकच ओळ पुनःपुन्हा म्हणत होता. लोकांच्या तोंडी असलेले हे गाणे लिपिबद्ध करावे, ही दृष्टी हँडी यांना अशा अनुभवांतून आली. ‘सेंट लुई ब्लूज’ त्यांनी १९१४ साली प्रसिद्ध केले. सेंट लुईच्या एका नटव्या स्त्रीने जिचा पुरुष ओढून नेला, अशा बाईचे ते गाऱ्हाणे आहे.

ब्लूजची घडण साधी असते. एक कडवे बारा मात्राखंडांचे, आणि प्रत्येक ओळीस चार खंड. पहिली ओळ दोनदा म्हणावयाची आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यावयाचे. परंतु गाणारी व्यक्ती ते चारही खंड व्यापीत नाही. अर्ध्याच्या सुमारास शब्द संपतात आणि उरलेली जागा वाद्याची. शेतात राबणाऱ्या गुलामांची श्रमगीते आणि प्रार्थनामंदिरांतील भजने या दोहोंत एकाने म्हणावे व इतरांनी उत्तर द्यावे अशी रीत होती; तीच येथे उतरली. स्वरांविषयी म्हणावयाचे, तर कोमल आणि शुद्ध गंधार यांच्या मधली जी जागा पियानोच्या पट्ट्यांत सापडत नाही, तिच्यावर हे गायन वारंवार विसावते. निषादाचेही तेच. मिंडेची सवय असलेल्या मराठी कानाला हे समजावयास अवघड जाऊ नये.

आता ती तबकडी ऐकावी. तिच्यावर ड्रम नाहीत. मायक्रोफोनचा उपयोग कोलंबियाने त्याच वर्षी, पण यानंतर सुरू केला. हे मुद्रण त्यापूर्वीचे. कलावंतांनी एका मोठ्या कर्ण्यासमोर गावयाचे आणि आवाजाच्या जोरानेच मेणात रेघ कोरली जावयाची. बेसीचा आवाज त्या कर्ण्याला पुरून उरला. ती घाई करीत नाही; एकेक शब्द वजन तोलून ठेवते. तिची ओळ संपते न संपते तोच आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट बोलू लागतो. त्या वेळी तो अवघा तेवीस वर्षांचा होता. तो तिची नक्कल करीत नाही आणि तिच्यावर मातही करीत नाही. तिने सांगितलेले दुःख ऐकून घेऊन तो हुंकार देतो. उत्तम तबलजी किंवा सारंगिया जे करतो तेच हे.

आणि या दोघांच्या खाली लाँगशॉची पेटी अखंड सूर धरून असते. आपल्या नभोवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली. ती सुमारे तीस वर्षे टिकली. या वाद्यातून मिंड निघत नाही, त्याचे स्वर जागचे हलत नाहीत, हा मुख्य आक्षेप होता. आक्षेप खोटा नव्हता. परंतु या तबकडीत तो दोषच गुण होऊन बसला आहे. पेटी हलत नाही म्हणूनच कंठ आणि कॉर्नेट तिच्यापासून किती बारीक अंतराने ढळतात, हे कानाला उमगते. एका साध्या ग्राम्य गाऱ्हाण्याला त्या सुरांनी प्रार्थनेचे गांभीर्य दिले आहे.

बेसी ही टेनेसी राज्यातील चॅटनूगा गावची. आईबाप लहानपणीच वारले. भावाच्या साथीने रस्त्यावर गाऊन ती पैसे मिळवी. १९२३ साली निघालेली तिची पहिली तबकडी लाखोंनी खपली. मात्र कंपनीने तिला प्रत्येक गाण्यामागे ठराविक रक्कम दिली. विक्रीत वाटा दिला नाही. तिच्या तबकड्याही कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी काढलेल्या वेगळ्या यादीत टाकल्या जात.

हे संगीत आपल्यापर्यंत पोहोचले ते गोमंतकाच्या मार्गाने. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना सॉल्फेज व व्हायोलिन शिकवीत. त्या शाळांतून निघालेले वादक मुंबईस जात. १९३५ साली लिऑन ॲबी आपला अमेरिकन वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ इतर कृष्णवर्णीय कलावंत आले आणि गोमंतकीयांनी त्यांच्याकडून जॅझ उचलले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले. त्यांना लोक हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटातील गाण्यांवर महाराष्ट्र डोलला, त्यामागे हे वादक होते. परंतु पडद्यावर झळके ते संगीतकाराचे नाव. स्वरांकन करणारे आणि तुताऱ्या फुंकणारे बहुतेक निनावीच राहिले.

बेसीच्या मृत्यूची एक दंतकथा फार पसरली. २६ सप्टेंबर १९३७ रोजी मिसिसिपीत मोटारीच्या अपघातानंतर तिचा अंत झाला. गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला दारातून परत पाठविले, असे पुष्कळ वर्षे छापले गेले. त्यावर नाटकही लिहिले गेले. पुढील शोधांत हे खरे ठरले नाही. तिला थेट क्लार्क्सडेल येथील कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयात नेले होते आणि तेथेच तिने प्राण सोडला. सत्य दंतकथेहून सौम्य आहे असे मात्र कोणी समजू नये. रुग्णालयेच वर्णावरून वेगळी असलेल्या त्या प्रदेशात, तिला गोऱ्यांच्या दारी नेण्याचा विचारही कोणाच्या मनात येणार नव्हता.

फिलाडेल्फियात तिच्या अंत्ययात्रेस हजारो लोक लोटले. पण थडग्यावर दगड बसावयास १९७० साल उजाडले. गायिका जॅनिस जॉप्लिन आणि लहानपणी बेसीच्या घरी काम केलेली एक स्त्री यांनी त्याचा खर्च केला. दगड नव्हता त्या तेहतीस वर्षांत तिची आठवण राखली ती तबकड्यांनी आणि त्या ऐकणाऱ्यांनी. म्हणून श्रोत्यांना एवढीच विनंती : गाणे आवडले की गाणारीचे नाव आपण विचारतोच; तिच्या ओळीनंतर मोकळ्या जागेत कोण वाजवीत आहे, हेही विचारावे. लाँगशॉचे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याची पेटी बाजूला केली, तर मात्र ती तबकडी उभी राहणार नाही.