रंगमंचावरील विद्युत् आणि तारांची शिस्त

नाट्यगृहांवर गॅसच्या ज्योतीचा अंमल होता तोवर तेथील भय निदान डोळ्यांना दिसत असे. रंगविलेल्या पडद्यांच्या निकट उघड्या ज्योती जळत, आणि त्यांच्यासाठी जाळ्या, ओली कांबळी व पाण्याच्या बादल्या असा बंदोबस्त ठेवण्याचा दस्तूर होता. तथापि 8 डिसेंबर 1881 रोजी व्हिएन्नाचे रिंग थिएटर पेटले, तेव्हा हा सारा बंदोबस्त व्यर्थ ठरून शेकडो प्रेक्षक प्राणास मुकले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रिचर्ड डॉयली कार्ट यांनी लंडनमध्ये सॅव्हॉय नाट्यगृह उघडले होते. जोसेफ स्वान यांचे विद्युत्-दीप तेथे आरंभी केवळ प्रेक्षागारात लागले. रंगमंचावर ते आले 28 डिसेंबर रोजी, म्हणजे व्हिएन्नाच्या अनर्थास तीन आठवडेही लोटले नसताना. लोकांच्या मनातील धास्ती जाणून कार्ट यांनी त्या दिवशी एक पेटता दीप मलमलीत गुंडाळून सर्वांसमक्ष फोडला आणि मलमल जळली नाही हे दाखविले.

परंतु संकट गेले नव्हते. ते ज्योतीतून तारेत शिरून अदृश्य झाले होते. कार्बनच्या आर्क दिव्यास एकदिश प्रवाह देताना धन व ऋण तारांची अदलाबदल झाली, तर धन कांडीच्या टोकाशी उपजणारा प्रखर प्रकाश भलत्याच टोकाशी उपजे आणि दिव्याची सारी योजना बिघडे. ही चूक निदान लपत नसे. प्रत्यावर्ती प्रवाहात मात्र फेज व न्यूट्रल यांची उलटापालट झाली तरी दिवा तितक्याच तेजाने लागतो, आणि न्यूट्रलवर बसलेला स्विच बंद केला की तो निमूटपणे विझतोही. पण होल्डरात प्रवाह जागाच असतो, आणि शिडीवर चढून बल्ब बदलणाऱ्या कामगाराच्या हाताला तो 230 व्होल्टचा दाब गाठतो. पेचाच्या बल्बात तर सहज स्पर्श होणारे बाहेरचे धातूचे कडेच अशा वेळी फेजवर येते.

म्हणूनच 1956 च्या भारतीय विद्युत् नियमांनी भूमीशी जोडलेल्या न्यूट्रल तारेत स्वतंत्र फ्यूज वा स्विच घालण्यास मनाई केली. गावोगावी निराळ्या जोडणीवर दिवे लावणाऱ्या नाटक मंडळींनी तर पडदा उघडण्यापूर्वी टेस्टरने फेज ओळखून घ्यावी, दिव्याच्या प्रत्येक धातूच्या पेटीस अर्थिंग आहे याची खातरजमा करावी, आणि दिवा लागला म्हणजे जोडणी बिनचूक झाली असे कदापि मानू नये.