यल्लम्माची वाट आणि कायद्याची हद्द

मध्यंतरी विद्यार्थ्यांच्या एका निबंधस्पर्धेचे निबंध तपासायला माझ्याकडे आले होते. विषय होता ‘कायदा आणि सामाजिक न्याय’. बहुतेकांनी राज्यघटनेपासून सुरुवात केली होती, ते योग्यच. पण गडहिंग्लज भागातल्या मुलांच्या निबंधातही गडहिंग्लज कुठेच नव्हते, याची चुटपुट लागली. या विषयातला एक सबंध अध्याय त्यांच्याच गावाशी जोडलेला आहे.

हा मुलूख पूर्वी कोल्हापूर संस्थानात होता. शाहू महाराजांनी 1902 साली नोकऱ्यांत 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, हे आपण शाळेत शिकतो. पुढे 1917 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आणि विधवाविवाहाचा कायदा झाला. आणि 1920 मध्ये, म्हणजे निधनाच्या दोनच वर्षे आधी, महाराजांनी जोगतिणी-देवदासींसंबंधी कायदा केला. याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.

मुलीच्या केसांत जट झाली की ‘आईचे बोलावणे आले’ म्हणायचे, आणि तिला देवीला सोडायचे, अशी ही रीत. सोडलेली मुलगी बहुधा दलित, गरीब घरातली. गळ्यात मणी पडले की तिचे लग्न होत नसे. पोटी मूल झाले, तर शाळेत बापाचे नाव काय सांगायचे हा प्रश्न.

आता अडचण पाहा. कायदा कोल्हापूर संस्थानचा आणि यल्लम्माचा डोंगर सौंदत्तीला, इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात. मुंबई सरकारने 1934 मध्ये देवदासी संरक्षण कायदा केला, तो संस्थानाबाहेरच्या मुलखासाठी. 1949 मध्ये संस्थान विलीन होऊन सगळे एका राज्यात आले खरे, पण 1956 च्या पुनर्रचनेत बेळगाव पलीकडे गेले. पुन्हा घर एका राज्यात, देऊळ दुसऱ्या! भाविकांच्या गाड्यांना ही हद्द कधी आडवी आली नाही. ती आडवी आली ती कायद्याला.

शिवाय तक्रार करणार कोण? मुलीला सोडणारे तिचेच आईबाप. म्हणून 1975 साली गडहिंग्लजला भरलेली देवदासी परिषद मला फार मोलाची वाटते. डॉ. बाबा आढाव यांच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठानचा तीत पुढाकार होता, प्रा. विठ्ठल बन्ने यांच्यासारखे कार्यकर्ते इथे या कामात राबले. ज्यांच्याविषयी आजवर इतरांनीच कायदे केले, त्या बायका आता स्वतः मागण्या घेऊन पुढे येऊ लागल्या. मुलांचे शिक्षण, घर, म्हातारपणी पोटाला काहीतरी, अशा साध्याच मागण्या होत्या.

कर्नाटकाने 1982 मध्ये नवा कायदा केला. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा त्यानंतर तेवीस वर्षांनी, 2005 चा. शाहू महाराजांच्या कायद्याला तोवर पंचाऐंशी वर्षे झाली होती.

पुढच्या खेपेला कोणी निबंधाचा विषय विचारला, तर या पंचाऐंशी वर्षांवर लिहायला सांगावे, असे मनात आहे.