नर्मदा सांवेरला दोनदा येते

इंदूरहून उज्जैनला जाताना वाटेत सांवेर लागते. तिथली खान नदी आपण पाहिली असेल, कदाचित नाकाला रुमाल लावून. उन्हाळ्यात माळव्यातल्या कितीतरी नद्या आटतात. ही आटत नाही. तिला बारमाही पाणी येते कुठून? या साध्या प्रश्नात आपल्या पाण्याचा शंभर वर्षांचा इतिहास आहे.

होळकर काळात पाण्याचा हिशेब घराजवळचा होता. पडेल तो पाऊस अडवायचा, म्हणून सिरपूर, पिपल्यापाळा, बिलावली हे तलाव झाले आणि १९३०च्या दशकात गंभीर नदीवर यशवंतसागर झाला. याच दरबारासाठी पॅट्रिक गेडीस यांनी १९१८ साली नगररचनेचा अहवाल लिहिला. त्यात शहरातल्या नद्यांचा बारकाईने विचार आहे. सांडपाणी दूर वाहून टाकण्यापेक्षा ते बागा-मळ्यांच्या कामी लावावे, असे त्यांचे म्हणणे होते. शहर वाढत गेले आणि ते म्हणणे मागे पडले.

पुढे तलाव पुरेनात. १९७० साली नर्मदेच्या पाण्यासाठी इंदूर रस्त्यावर उतरले, आणि १९७८ मध्ये जलूदहून सुमारे ७० किलोमीटरची वाट, विंध्याचा चढ चढून नर्मदा शहरात आली. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी त्या दिवसांच्या आठवणी अजून निघतात. तो विजय खराच होता. पण त्या हिशेबात एक रकाना कोरा राहिला: घरात आलेले पाणी वापरून झाल्यावर जाणार कुठे? ते नाल्यांतून खानमध्ये गेले, आणि खान सांवेरला आली.

इकडे खेड्यांतही हिशेब बदलला. पूर्वी काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवून नुसत्या ओलीवर गहू-हरभरा घेत. सोयाबीन आल्यावर दोन पिके होऊ लागली, गव्हाला बोअरचे पाणी लागू लागले. खाली काळा खडक; त्यात पाणी मुरते थोडे, उपसा मात्र फार. आज सांवेर विकासखंड भूजलाच्या सरकारी वर्गवारीत ‘अतिदोहित’ आहे. मग नदीकाठचा शेतकरी खानचेच पाणी मोटरीने उचलून भाजीला देतो. माझ्या दवाखान्यात बसून तो विचारतो, “डॉक्टरसाहेब, दुसरे आहे कुठे?” या प्रश्नावर माझ्याकडे औषध नाही.

क्षिप्रेची धारही तुटली होती. सिंहस्थ तोंडावर आला, तेव्हा ४३२ कोटींची नर्मदा-क्षिप्रा जोड योजना झाली. २५ फेब्रुवारी २०१४ रोजी नर्मदेचे पाणी सुमारे ३५० मीटर वर चढवून क्षिप्रेच्या उगमाशी, उज्जैनी गावात सोडण्यात आले. योजनेची क्षमता सेकंदाला पाच हजार लिटर. म्हणजे नर्मदा आमच्या भागात दोन वाटांनी येते: क्षिप्रेतून ताजी, खानमधून वापरलेली. उज्जैनजवळ त्रिवेणीला दोघी भेटतात.

ही भेट घाटावर नको, म्हणून २०१६च्या सिंहस्थासाठी राघो पिपलियापासून कालियादेहपर्यंत सुमारे १९ किलोमीटर नळ टाकून खान बाजूने नेली. २०२८साठी त्याहून मोठ्या बंद कालव्याची योजना हाती घेतली आहे. वैद्यकात याला लक्षण दाबणे म्हणतात. शिवाय राघो पिपलिया सांवेरच्या पुढे आहे. नळ आमचे गाव ओलांडल्यावर सुरू होतो. इंदूरने नाल्यांची तोंडे बंद केली, शुद्धीकरण केंद्रे चालवली, २०२१ मध्ये देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले. या कामाचे मोल मोठे आहे. पण त्याची परीक्षा इंदूरच्या पुलावर नव्हे, सांवेरच्या पुलावर व्हावी.

आम्हा जैनांच्या घरी पाणी गाळून पितात. लहानपणी पाहिलेले आठवते: आजी गाळण्यातली जिवाणी फेकत नसे, ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत ती हलक्या हाताने परत सोडी. पाणी घेणाऱ्यावर ते परत करण्याचीही जबाबदारी असते, हे तिला कोणत्या खात्याने शिकवले नव्हते. सरकारने पाणी आणण्याची विद्या उत्तम साधली आहे. कोरा रकाना भरून मागणे आपले काम आहे. १९७० साली नर्मदा मागणारी घरे आपलीच होती. आता वापरलेली नर्मदा स्वच्छ करून पुढे देण्याची मागणीही त्याच घरांतून यावी.